सायलेन्सर विका, पण जबाबदारीसकट

मोठ्या आवाजाच्या मोटरसायकलींचा विषय निघाला की दोन पक्ष ठरलेले. एकाला सगळे बदललेले सायलेन्सर जप्त करून रोलरखाली घालायचे असतात. दुसरा म्हणतो, गाडी माझी, पैसे माझे, तुमच्या पोटात का दुखतं? हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यात एक माणूस कायम सुटतो. ज्याने तो सायलेन्सर बनवला, चकचकीत खोक्यात भरला आणि ‘बसवा आणि निघा’ असं सांगून विकला, तो. त्याला ना पोलीस विचारतात, ना शेजारी, ना गाडीचा मालक.

मला स्वतःला स्पोर्ट बाइकचा आवाज आवडतो. इनलाइन-फोर, म्हणजे एका ओळीत चार सिलिंडरचं इंजिन, वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) गेल्यावर जो सूर लावतं, त्याच्यासाठी माणूस पैसे मोजायला तयार होतो हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. त्यामुळे हा लेख बंदीच्या बाजूने नाही. माझं म्हणणं एवढंच की बाहेरचा एक्झॉस्ट, म्हणजे गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्याने बनवलेला धुराचा पाइप आणि सायलेन्सर, आज जसा विकला जातो तो अर्धवट माल आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे मॅपिंग (इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणं), व्हॉल्व्ह, सेन्सर, धूर आणि आवाज, ग्राहकाच्या, मेकॅनिकच्या आणि रस्त्याकडेच्या घरांच्या माथी मारला जातो. कायद्याने हात घालायचा तर तिथे घालावा.

एक काळ असा होता की एक्झॉस्ट बदलणं खरोखर शहाणपणाचं होतं. 1969 मध्ये होंडाची सीबी750 आली तेव्हा तिला चार सिलिंडर आणि चार सायलेन्सर होते. दिसायला देखणे, पण वजनदार. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पॉप्स योशिमुरा यांनी रेसच्या सीबी750 वर चारही पाइप एकत्र आणून एकाच सायलेन्सरमध्ये सोडले. वजन घटलं, ताकद वाढली, गाडी वळणात जास्त झुकवता यायला लागली. बाहेरचा एक्झॉस्ट म्हणजे सुधारणा, ही समजूत तिथून रुजली आणि ती त्या काळापुरती खरी होती. पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा कार्ब्युरेटर होता, त्यातले जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलले की काम भागायचं. गाडीत कुठला कॉम्प्युटर नव्हता, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) नव्हता.

आजच्या गाडीत सायलेन्सर हा सुटा डबा उरलेला नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाइपमधून धावत निघते. पाइप जिथे एकदम रुंद होतो तिथून तिची उलटी, ओढणारी लाट परत फिरते. ती इंजिनाशी नेमक्या वेळी पोचली, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह क्षणभर दोन्ही उघडे असताना पोचली, तर उरलासुरला जळका वायू ओढून नेते आणि ताजं मिश्रण आत खेचते. वेळ चुकली तर उलट होतं, जळका वायूच मागे ढकलला जातो. लाटेचा वेग गरम वायूत जवळपास ठरलेला, पाइपची लांबी ठरलेली, पण इंजिनाचा वेग मात्र सतत बदलता. म्हणून कुठलाही पाइप सगळ्या आरपीएमला चांगला असूच शकत नाही. एका ठिकाणी कमावलं की दुसऱ्या ठिकाणी गमावलं. ‘इंजिनला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे गॅरेजमधलं ब्रह्मवाक्यही यातूनच निपजलं आहे. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतं. लाटेची वेळ चुकली की खालचा पिकअप मरतो, आणि लोक त्याचं खापर बॅक प्रेशर गेल्यावर फोडतात.

हा खालचा खड्डा भरायला यामाहाने 1980च्या दशकात ‘एक्सअप’ नावाने पाइपमध्येच एक झडप बसवली. कमी आरपीएमला ती थोडी मिटते आणि चुकीच्या वेळी परतणारी लाट अडवते, वर गेल्यावर पूर्ण उघडते. पुढे बहुतेक मोठ्या स्पोर्ट बाइकवर असली झडप या ना त्या नावाने आली. केबलने ओढणारी छोटी सर्व्हो मोटर तिला फिरवते आणि ती कुठे आहे हे सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो. कित्येक गाड्यांत चावी फिरवल्यावर सीटखालून ‘झुंईं’ असा आवाज येतो तो याच मोटरचा, ती झडप एकदा पूर्ण उघडून-मिटून पाहत असते.

आता बाहेरची फुल सिस्टिम, म्हणजे इंजिनापासून मागच्या डब्यापर्यंतचा पूर्ण संच, घ्या. तिच्यात बहुधा झडप नसते. केबल लोंबकळत राहते किंवा कापून टाकली जाते, मोटर उत्तर देत नाही, आणि डॅशवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. यावर बाजारात उपाय काय मिळतो? मोटर जागेवरच आहे, सगळं ठीक आहे, असं ईसीयूला खोटं सांगणारी एक छोटी चिप. दिवा विझतो. झडपेने भरलेला खड्डा मात्र पुन्हा उघडा पडतो आणि सिग्नलवरून निघताना गाडी आधीपेक्षा ढिली वाटते. मग मालक क्लच जास्त घासतो, गिअर चुकीचे वापरतो, आणि वर आवाज वाढल्यामुळे गाडी ‘जोरात’ झाली असं समजतो. कान आणि ताकद यांची ही गल्लत या धंद्याचं खरं भांडवल आहे.

ताकदीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. फक्त मागचा डबा बदलला, म्हणजे स्लिप-ऑन लावला, तर फरक इतका थोडा असतो की डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकाच गाडीच्या दोन रनमध्ये हवेच्या तापमानाने, टायरच्या दाबाने आणि इंजिन किती तापलंय त्याने तेवढा फरक सहज पडतो. फुल सिस्टिम आणि नीट केलेला मॅप यांनी खरी वाढ मिळते, पण मुख्यतः वरच्या आरपीएमला, जिथे रस्त्यावर गाडी क्वचितच जाते. वजन कमी होतं हे मात्र निखालस खरं. जुना स्टीलचा डबा आणि टायटॅनियमचा डबा दोन हातांत धरून बघा, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वजनासाठी पैसे घालणाऱ्याशी माझा वाद नाही.

इंधनाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे आणि सगळ्यात जास्त थापा तिथेच चालतात. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा आणि 1 भाग पेट्रोल लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण राखायला मदत करतो. पण साध्या सेन्सरला फक्त दोनच गोष्टी कळतात: मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे की रिच (पेट्रोल जास्त). किती, ते त्याला सांगता येत नाही. ईसीयू त्याच्या भरवशावर आयडलला आणि स्थिर वेगात पेट्रोल थोडं कमी-जास्त करत राहतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सरकडे बघणंच सोडतो आणि कारखान्यात भरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल फवारतो. ते कोष्टक मूळ एक्झॉस्ट धरून तयार केलेलं असतं. नव्या पाइपमधून हवा जास्त गेली तर तिथे हिशोब चुकतो, आणि ही चूक दाखवणारं गाडीत कुणी नसतं.

म्हणून इंजिन लगेच सीझ होईल का? नाही. ही भीती वाढवून सांगितली जाते. चांगल्या बनावटीचा स्लिप-ऑन, कॅट जागच्या जागी, सांधे घट्ट असतील तर बहुतेक गाड्या मॅप न बदलताही ठीक चालतात. अडचण फुल सिस्टिमला येते, आणि त्याहून जास्त अर्धवट कामाला येते.

अर्धवट काम कसं दिसतं ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. ओळखीतल्या एकाची गाडी नवा पाइप लावल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके फोडत होती आणि पेट्रोल जास्त पीत होती. ज्याने पाइप विकला त्याचं निदान तयार होतं: ‘गाडी लीन झालीय, पिगीबॅक घ्या.’ म्हणजे ईसीयूचा हिशोब बदलून पेट्रोल वाढवणारं आणखी एक खोकं. दुसऱ्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने ना लॅपटॉप काढला ना मॅप. त्याने फेअरिंग उतरवलं, टॉर्च मारला आणि बेंड पाइप जिथे सिलिंडर हेडला मिळतो तिथे बोट फिरवलं. बोट काळं झालं. सांध्यापासून निघालेला काजळीचा बारीक ओघळ हेडवर स्पष्ट दिसत होता. मागच्या टोकाला कापडाचा बोळा दाबून त्याने ब्लोअर लावला, सांध्यावर साबणाचं पाणी मारलं, आणि फेस फुगायला लागला. पाइप बसवताना सांधा सील करणारं गॅस्केट जुनंच, चेपलेलं, परत लावलं होतं. एक्झॉस्टचं गॅस्केट एकदा चेपून आकार घेतं, दुसऱ्यांदा ते सील करेलच असं नाही.

आता या एवढ्याशा फटीने काय होतं बघा. पाइपमध्ये दाबाची लाट जशी असते तशी ओढीचीही असते. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त, म्हणजे मिश्रण लीन. ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन प्रत्यक्षात रिच चालायला लागतं, मायलेज घटतं, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपमध्ये पोचतं, तिथे ताजी हवा भेटते आणि फाट्‌ फाट्‌. लक्षण लीनचं वाटतं, दुखणं उलटं असतं. त्यावर पिगीबॅकने आणखी पेट्रोल वाढवलं असतं तर आगीत तेल ओतल्यासारखं झालं असतं, आणि इथे तर शब्दशः. काम एका नव्या गॅस्केटने आणि टॉर्क रेंचने (बोल्ट ठरावीक जोराने कसणाऱ्या पान्याने) झालं.

थ्रॉटल सोडल्यावरचे सगळेच फटाके दोषाचे नसतात, हेही सांगायला हवं. पुष्कळ गाड्यांत एक्झॉस्ट पोर्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडणारी व्यवस्था असते, उरलेलं पेट्रोल जळून धूर स्वच्छ व्हावा म्हणून. मूळ सायलेन्सर तो आवाज गिळतो, मोकळा डबा ऐकवतो. लोक ती हवेची नळी प्लेट लावून बंद करतात. फटाके थांबतात, धूर बिघडतो. आणि गॅस्केट फुटलं असेल तर त्याचं एक ऐकू येणारं लक्षणही त्याबरोबर दबून जातं.

बाकीची दुखणी किरकोळ वाटतात, पण गाडी दुरुस्तीला त्यांच्यामुळेच जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजून बसलेला स्टड पाना लावताच तुटतो, मग ड्रिल करून नवा आटा पाडत बसा. ब्रॅकेट दोन मिलिमीटर इकडे-तिकडे असेल तर फिटर पाइप ओढून बोल्ट कसतो, तो ताण वेल्डवर राहतो आणि काही हजार किलोमीटरनंतर वेल्डला तडा जातो. डबा मागच्या ब्रेकच्या होजजवळ आला तर होज भाजते. सस्पेन्शन पूर्ण दाबल्यावर पाइप स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) लागतो की नाही हे स्टँडवर उभ्या गाडीत कळतच नाही. यातलं काहीही ग्राहकाला खरेदीच्या वेळी सांगितलं जात नाही. खोक्यातल्या कागदावर मात्र बारीक अक्षरात असतं: ‘अनुभवी तंत्रज्ञाकडून बसवून घ्या.’ आणि त्याखाली ते सोन्यासारखं वाक्य: ‘फक्त रेसट्रॅकवर वापरण्यासाठी.’

या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आरसे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट असलेल्या गाडीसाठी, त्या गाडीच्या नंबरप्लेटला अडणार नाही अशा मापाने बनवलेला, जाहिरातीत घाटरस्त्यावर पळताना दाखवलेला पाइप ‘फक्त ट्रॅकसाठी’ कसा असतो? ट्रॅकवर कधीच न गेलेल्या गाड्यांवर हे पाइप दिसतात हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एका स्टिकरच्या आड त्याने धुराची, आवाजाची आणि बिघाडाची जबाबदारी झटकलेली असते. तीही ज्याला ती पेलणं सर्वात कमी जमेल अशा माणसावर, म्हणजे पहिलीच मोठी गाडी घेतलेल्या तरुणावर.

धुराचं म्हणाल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं हा काही नुसता कागदोपत्री गुन्हा नाही. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर दिलेला तो जाळीदार ठोकळा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं रूपांतर करतो. तेही मिश्रण 14.7 च्या अगदी आसपास हेलकावत असेल तरच नीट करतो. फुल सिस्टिमबरोबर तो निघून गेला की मागच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत पाणी येतं. ती गाडी मग आजच्या उत्सर्जनाच्या निकषात बसत नाही, मॅप कितीही सुरेख केलेला असो.

आवाजाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: मोठा पाइप जीव वाचवतो, कारवाल्यांना आपण ऐकू येतो. हा युक्तिवाद मी खिल्ली उडवून टाळणार नाही, कारण मोटरसायकलस्वार खरोखर दिसत नाही आणि त्याची किंमत तो स्वतः मोजतो. पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि 1981 मध्ये अहवाल दिला. त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका सरळ समोरून दोन्ही बाजूंना 45 अंशांच्या आत होता. पाइपचं तोंड मागे असतं. ज्याने आडवं येऊन धडक दिली त्याच्यापर्यंत आवाज सर्वात कमी पोचतो, आणि जो आधीच मागे पडला आहे त्याला सर्वात जास्त. त्यात कारच्या काचा बंद, आत गाणी. दिसण्यासाठी उजळ जॅकेट आणि जागा बघून गाडी चालवणं जितकं उपयोगी तितका पाइप नाही.

उलट मोठ्या आवाजाचा धोका खुद्द स्वाराला आहे. हायवेच्या वेगात हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज एवढा असतो की कानाला इजा व्हावी. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला 8 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे 94 ला 1 तास, 100 ला 15 मिनिटं. त्यात पाइपची भर घालून दिवसभराची राइड केली की रात्री कानात शिट्टी वाजते. ती प्रत्येक वेळी पूर्ण थांबतेच असं नाही.

आता मोजण्याबद्दल, कारण सार्वजनिक प्रश्न शेवटी मोजमापावर येऊन अडतो. डेसिबलची पट्टी सरळ नसते. 3 ने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दुप्पट, साधारण 10 ने वाढलं की कानाला दुप्पट वाटतं. शिवाय मोजण्याच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांचे आकडे बेधडक एकमेकांत मिसळले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या 41 क्रमांकाच्या नियमात ताकदवान मोटरसायकलसाठी 77 डेसिबलची मर्यादा आहे. ती धावत्या गाडीची, मायक्रोफोन गाडीच्या रेषेपासून 7.5 मीटरवर ठेवून. उभ्या गाडीची चाचणी वेगळी. त्यात मायक्रोफोन पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांत, इंजिन ठरावीक आरपीएमवर. तिथे 90 च्या पुढचा आकडा येणं अगदी नेहमीचं आहे आणि तो बेकायदा असेलच असं नाही. रस्त्यात थांबवून, मोबाइलवरचं अ‍ॅप कुठेतरी धरून ‘तुझा 98 आला’ म्हणणं हे मोजमाप नव्हे. आणि नुसता कानाने अंदाज घेणं त्याहून वाईट. त्यात साहेबांचा मूड मोजला जातो.

मोजमाप चुकीच्या जागी लावलं की काय होतं, याचा नमुना ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात दिसला. तिथे 2020 च्या उन्हाळ्यात काही डोंगरी रस्त्यांवर 95 डेसिबलहून जास्त आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी घातली गेली. पण आकडा घ्यायचा तो गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, उभ्या चाचणीचा. म्हणजे कारखान्यातून जशी आली तशीच असलेली, पूर्णपणे मंजूर गाडी कागदावर 96 असली तर परत जा. आणि कागदावर 92 असलेल्या गाडीवर कुणी कानठळ्या बसवणारा डबा लावला असेल तर कागद तरी निर्दोषच. तिथल्या गावकऱ्यांचा त्रास खरा होता, सुट्टीच्या दिवशी दरीत घुमणारा आवाज सहन करणं सोपं नाही. पण शिक्षा न बदललेल्या गाडीच्या मालकाला झाली. बदलणारे बेताल वागले की बंदी सगळ्यांवर येते, हे ‘माझी गाडी माझी मर्जी’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग करायचं काय? माझी मागणी अशी. सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बसेल असा एक्झॉस्ट विकायचा तर तो त्या मॉडेलसाठी, त्या वर्षासाठी तपासलेला हवा, आणि तपासणीचा क्रमांक डब्यावर कोरलेला हवा. युरोपात मंजूर सायलेन्सरवर गोलातल्या ‘ई’ची खूण असते ती याच धर्तीची. पण ती खूण मुख्यतः आवाजाची आणि धुराची. मला त्यापुढे जायचं आहे. गाडीला झडप असेल तर नव्या पाइपमध्ये झडप द्या, नाहीतर झडपेशिवाय चालणारा, उत्सर्जनाच्या मर्यादेत बसणारा मॅप द्या. सेन्सरची जागा मूळ पाइपप्रमाणे ठेवा. नवी गॅस्केट खोक्यातच घाला, ती काही चैनीची वस्तू नव्हे. कसण्याचा टॉर्क किती ते मोठ्या अक्षरात छापा. आणि बसवल्यानंतर ठरावीक काळात चेक इंजिनचा दिवा लागला किंवा गाडी तपासणीत नापास झाली, तर पहिला जाब विकणाऱ्याला विचारला जावा. सब घोडे बारा टक्के असा एकच डबा पन्नास गाड्यांना ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकणं म्हणजे एकाच नंबरचा चष्मा सगळ्या गल्लीला विकणं झालं.

डब्याच्या तोंडात आवाज कमी करायला बसवलेल्या डीबी किलरबद्दलही हेच. एका बोल्टवर उभा असलेला आणि पाच मिनिटांत निघणारा डीबी किलर हा शांततेचा भाग नाही, तो काढण्याचं आमंत्रण आहे. तो काढून चालवण्यासाठीच दिला आहे हे सगळ्यांना कळतं. मंजुरी घ्यायची असेल तर तो वेल्ड करा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. बाहेरच्या बहुतेक डब्यांत आवाज शोषायला छिद्रांच्या नळीभोवती काचतंतूंचा थर असतो. तो जळत, उडत जातो. नवीन असताना गोड वाटणारा पाइप कालांतराने पत्र्याचा आवाज करायला लागतो. मंजुरीचा शिक्का तोच, आवाज वेगळा. डबा उघडून थर नव्याने भरणं हे ऑइल बदलण्यासारखंच देखभालीचं काम आहे. ते किती किलोमीटरनंतर करायचं हे विकणाऱ्याने सांगायला हवं आणि त्याचं साहित्य पुरवायला हवं. आज हा थर कुठे मिळतो हे विचारलं तर नवा डबा दाखवतात.

यावर आक्षेप येणार की असं केलं तर छोटे कारागीर मरतील आणि पाइप महागतील. महागतील हे खरं आहे. पण आजही ती किंमत कुणीतरी देतंच आहे: पिगीबॅकच्या, तुटलेल्या स्टडच्या, दुसऱ्यांदा केलेल्या फिटिंगच्या आणि शेवटी दंडाच्या रूपाने. ती दुकानातच दिसली तर निम्मे लोक घेण्याआधी विचार करतील, आणि उरलेल्या निम्म्यांना चालणारी वस्तू मिळेल. छोट्या कारागिराला स्वस्तात चाचणी करून देणारी सरकारी सोय असावी, याला माझी पूर्ण संमती आहे. ज्याचा हात चांगला आहे त्याला चाचणीची भीती नसते.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही या हिशोबातून सोडू नये. त्यांच्याच अ‍ॅक्सेसरीच्या यादीत ‘ट्रॅकसाठी’ म्हणून पाइप असतात आणि शोरूममध्येच बसवून मिळतात. मूळ एक्झॉस्टमधली झडप चाचणीच्या आरपीएमला मिटलेली आणि त्याच्या वर उघडी, असाही खेळ झाला आहे. म्हणून तर 41 क्रमांकाच्या नियमात चाचणीच्या ठरावीक बिंदूबाहेरचा आवाजही तपासण्याची तरतूद आणावी लागली. जो नियम डबा विकणाऱ्या दुकानाला, तोच शोरूमला.

सर्वात मोठा फटका मात्र ज्याने पाइप कधी निवडलाच नाही त्याला बसतो, तो म्हणजे दुसरा मालक. पहिल्याने फुल सिस्टिम लावली, त्यासाठी ईसीयू फ्लॅश करून, म्हणजे त्यात नवा मॅप भरून, पेट्रोल वाढवलं, सेन्सर बंद केला. विकताना महागडा पाइप काढून घेतला आणि मूळ एक्झॉस्ट परत लावला, कारण मूळ भागांची गाडी चांगल्या भावाला जाते. ईसीयूतला मॅप मात्र तसाच राहिला. आता त्या गाडीत मूळ कॅट आहे आणि त्याच्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जातंय. न जळलेलं इंधन कॅटमध्ये जळतं, कॅट प्रमाणाबाहेर तापतो, आणि आतली जाळी वितळून बसली की गाडी वरच्या आरपीएमला गुदमरते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ओरिजिनल दिसतं. नवा मालक प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, इंजेक्टर धुऊन घेतो, पैसे ओततो. ईसीयूत मॅप कधी बदलला आणि कोणत्या एक्झॉस्टसाठी बदलला, याची नोंद गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये मीटरच्या रीडिंगसारखी सक्तीची केली, तर हा माणूस पहिल्याच दिवशी मूळ मॅप परत टाकून मागेल.